धुळीची साक्ष : शर्मिष्ठेतील तीन तारे

'आपण सारे ताऱ्यांची धूळ आहोत' हे वाक्य मराठी निबंधांत, भाषणांत आणि कवितेवरील टिपणांत वारंवार भेटते. विद्यार्थी ते उत्तरपत्रिकेत लिहितात, वक्ते समारोपाला वापरतात आणि आम्ही साहित्याचे अध्यापक त्यापुढे 'रूपक' असा शेरा मारून पुढे जातो. एखाद्या वाक्याला रूपक म्हटले की ते खरे की खोटे हे पाहण्याची जबाबदारी संपते, असा एक सोयीचा समज आपल्या वर्गांतून रुजलेला आहे. प्रस्तुत लेखात आम्ही हे वाक्य रूपक म्हणून न वाचता विधान म्हणून वाचू इच्छितो. कारण ते तपासून पाहण्याचा एक प्रदीर्घ इतिहास आहे आणि तो इतिहास पुराव्याच्या वाचनाचा असल्यामुळे साहित्याच्या अभ्यासकालाही परका नाही.

बारकाईने पाहिले तर या वाक्यात तीन वेगवेगळी विधाने मिसळलेली आढळतात. पहिले असे की, आपल्या शरीरातले, हायड्रोजन वगळता, बहुतेक अणू ताऱ्यांत घडले. दुसरे असे की, ताऱ्याच्या अखेरीस हे अणू एकमेकांना धरून त्यांचे घन कण, म्हणजे खरोखरीची धूळ, बनते. तिसरे असे की, ही धूळ टिकून राहते आणि पुढच्या ताऱ्यांच्या व ग्रहांच्या घडणीत उतरते. यांपैकी पहिले विधान मार्गारेट बर्बिज, जेफ्री बर्बिज, विल्यम फाउलर आणि फ्रेड हॉइल यांच्या १९५७ सालच्या प्रबंधानंतर सर्वमान्य झाले. दुसऱ्याचा पुरावा हाती येण्यास त्यानंतरची सहा दशके लागली. तिसऱ्याचा निकाल अद्याप पूर्णपणे लागलेला नाही. वर्गात आपण ही तिन्ही विधाने एका दमात म्हणतो, हीच खरी अडचण आहे.

अडथळा म्हणून धूळ

येथे 'धूळ' म्हणजे फडताळावर साचते ती धूळ नव्हे. तारकांमधल्या अवकाशातील कण बहुधा एका मायक्रॉनहूनही लहान असतात; काजळीशी किंवा धुराशी त्यांचे नाते अधिक जवळचे. काही कण कार्बनचे असतात, तर काही सिलिकेटांचे, म्हणजे वाळू आणि खडक ज्या कुळातले त्याच कुळातले.

या धुळीची ओळख प्रथम झाली ती तिच्या उपद्रवामुळे. आकाशगंगेच्या पट्ट्यात ठिकठिकाणी काळे डाग दिसतात. तेथे तारेच नाहीत, की त्यांच्यापुढे काही आडवे आले आहे, हा वाद बराच काळ चालला. एडवर्ड बर्नार्ड यांनी १९१९ साली अशा काळ्या डागांची सूची प्रसिद्ध केली. रॉबर्ट ट्रम्पलर यांनी १९३० साली तारकागुच्छांच्या अभ्यासावरून दाखवून दिले की, दूरच्या गुच्छांचा प्रकाश केवळ अंतरामुळे मंद व्हावा त्याहून अधिक मंद होतो, आणि तो लालसरही होतो. मावळतीच्या सूर्याचे जे होते, तेच दूरच्या ताऱ्यांचे होत होते. म्हणजे काळा डाग हा रिकामेपणा नव्हता, तेथे पदार्थ होता. मात्र या टप्प्यावरही धूळ ही खगोलशास्त्रज्ञाच्या लेखी एक वजावटच होती. तिच्यामुळे किती प्रकाश गेला याचा हिशेब करायचा आणि मग मूळ ताऱ्याकडे वळायचे, एवढेच तिचे स्थान.

हे स्थान बदलण्याचे साधन तसे पाहता फार आधीच सापडलेले होते. एके काळी बाथ शहरात ऑर्गनवादक असलेले आणि युरेनसच्या शोधाने प्रसिद्धी पावलेले विल्यम हर्शेल यांनी १८०० साली लोलकातून पडलेल्या वर्णपटाच्या निरनिराळ्या रंगांत तापमापक ठेवून पाहिले. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तेथेही पारा चढला. हेच अवरक्त किरण. प्रत्येक वस्तू आपल्या तापमानाप्रमाणे प्रारण सोडीत असते. उणे २४० अंश सेल्सिअसच्या आसपास असलेली धूळ दृश्य प्रकाशात केवळ काळोख असते, परंतु सुमारे १०० मायक्रॉन तरंगलांबीच्या अवरक्तात तीच उजळलेली असते. दृश्य प्रकाश अडविणारी वस्तू अवरक्तात स्वतःच प्रकाशाचा उगम ठरते, ही या साऱ्या कथेची किल्ली आहे.

मात्र हे पाहणे सोपे नव्हते. पृथ्वीच्या वातावरणातील बाष्प अवरक्ताचा मोठा भाग गिळून टाकते. शिवाय वातावरण आणि दुर्बीण ही दोन्ही उबदार असल्यामुळे अवरक्तात ती स्वतःच प्रकाशत असतात. म्हणून दुर्बीण वातावरणाबाहेर न्यावी लागते आणि द्रव हेलियमने ती अतिशय थंड ठेवावी लागते. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिका, नेदरलँड्स आणि ब्रिटन यांनी मिळून सोडलेल्या 'आयरास' या उपग्रहावरील ६० सेंटिमीटरच्या दुर्बिणीने अवरक्तात जवळजवळ सर्व आकाश न्याहाळले; दहा महिन्यांनी हेलियम संपला आणि तिचे काम थांबले. पुढे १९९५ साली 'आयसो', २००३ साली 'स्पिट्झर', २००९ साली हर्शेल यांचेच नाव दिलेली साडेतीन मीटर आरशाची दुर्बीण आणि २०२१ च्या डिसेंबरात 'जेम्स वेब' अशी ही परंपरा चालत आली.

या दुर्बिणींनी पाहिलेल्या असंख्य गोष्टींपैकी आम्हाला येथे सुपरनोव्हांचे अवशेष तेवढे पाहावयाचे आहेत. एखादा तारा स्फोट पावून काही आठवडे लाखो-कोटी सूर्यांच्या तेजाने झळकतो तेव्हा त्याला आपण सुपरनोव्हा म्हणतो, आणि त्यातून फेकल्या गेलेल्या वायूचा व धुळीचा विस्तारत जाणारा पसारा म्हणजे त्याचा अवशेष. योगायोग असा की, ययातीच्या आख्यानातून आपल्याकडे ज्याचे नाव आले त्या शर्मिष्ठा या एकाच तारकासमूहात असे तीन अवशेष आहेत, आणि लिखित नोंदीशी असलेले त्यांचे नाते तीन तऱ्हांचे आहे.

पहिला तारा : नोंद विपुल, धूळ विरळ

११ नोव्हेंबर १५७२ च्या संध्याकाळी पंचवीस वर्षांच्या टायको ब्राहे यांना शर्मिष्ठेत एक नवा तारा दिसला. तो शुक्राच्या तोडीचा तेजस्वी होता आणि पुढे सुमारे सोळा महिने दिसत राहिला. टायकोंनी त्याची मोजमापे घेतली, तो चंद्राच्या बराच पलीकडे आहे हे दाखविले आणि १५७३ साली 'नव्या ताऱ्याविषयी' हा लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध केला. तारकांचे जग अविकारी असते, ही ॲरिस्टॉटलपासून चालत आलेली धारणा त्यामुळे डळमळली. पुढे १६०४ साली भुजंगधारी तारकासमूहात दिसलेल्या ताऱ्यावर योहानेस केप्लर यांनी १६०६ साली ग्रंथ लिहिला. युरोपच्या वैचारिक इतिहासात या दोन ताऱ्यांइतके शब्द अन्य कोणत्याही सुपरनोव्हाच्या वाट्याला क्वचितच आले असतील.

आता त्यांच्या अवशेषांकडे पाहू. हर्शेल दुर्बिणीने हे दोन्ही अवशेष दीर्घ तरंगलांबीच्या अवरक्तात तपासले, आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा होता की, तेथे जी धूळ दिसते ती मुख्यतः स्फोटाच्या लाटेने बाहेरून झाडून गोळा केलेली आहे. स्फोटात नव्याने घडलेली धूळ म्हणावी अशी जवळपास नाहीच. हे दोन्ही स्फोट श्वेतबटू प्रकारच्या, आधीच विझत चाललेल्या ताऱ्यांचे होते. अशा स्फोटांतून लोखंड विपुल प्रमाणात बाहेर पडते. विश्वातील लोखंडाचा मोठा वाटा त्यांचाच. परंतु त्यांतला पदार्थ इतक्या वेगाने पसरतो, विरळ होतो आणि किरणोत्साराने तापत राहतो की, अणूंना एकत्र येऊन कण बनविण्यास अवसर मिळत नाही, असा अभ्यासकांचा तर्क आहे. म्हणजे ज्यांच्याविषयी सर्वाधिक लिहिले गेले, ते तारे धुळीच्या प्रश्नावर जवळपास मूक आहेत.

दुसरा तारा : नोंद नाही, धूळ विपुल

याउलट शर्मिष्ठेतील दुसरा अवशेष. तो 'कॅसिओपिया ए' या नावाने ओळखला जातो. पृथ्वीपासून सुमारे ११,००० प्रकाशवर्षांवर असलेल्या या अवशेषाचा पसरण्याचा वेग मोजून मागे हिशेब केला, तर स्फोटाचा प्रकाश १६७० ते १६८० च्या सुमारास, म्हणजे आपल्याकडील शिवराज्याभिषेकाच्या आगेमागे, पृथ्वीवर पोहोचला असला पाहिजे. हा दुर्बिणींचा काळ. ग्रिनिचची वेधशाळा १६७५ सालीच स्थापन झालेली. तरीही या ताऱ्याची निःसंशय म्हणावी अशी एकही नोंद नाही. जॉन फ्लॅमस्टीड यांनी ऑगस्ट १६८० मध्ये त्या भागात नोंदविलेला एक मंद तारा हाच असावा, असे काहींचे मत आहे. इतरांना ती नोंदीतली गफलत वाटते. तारा मुळातच फार तेजस्वी झाला नसेल, हे एक कारण सांगितले जाते. दुसरे कारण निश्चित आहे : वाटेवरच्या धुळीमुळे त्या दिशेने येणारा दृश्य प्रकाश शंभर पटींहून अधिक मंद होतो.

म्हणून हा अवशेष प्रथम सापडला तो डोळ्यांना नव्हे. १९४८ साली केंब्रिजमध्ये मार्टिन राइल आणि फ्रान्सिस ग्रॅहम-स्मिथ यांना तो रेडिओ-लहरींत आढळला. वॉल्टर बाडे आणि रुडॉल्फ मिन्कोव्स्की यांनी त्याचे फिकट धागे दृश्य प्रकाशात ओळखले, ते १९५४ साली प्रसिद्ध झाले. येथे फुटलेला तारा सूर्याहून कितीतरी जड होता आणि त्याचा गाभा स्वतःच्याच भाराने कोसळला होता. फ्रेड हॉइल आणि चंद्र विक्रमसिंगे यांनी १९७० सालीच असे भाकीत केले होते की, सुपरनोव्हातून बाहेर पडणारा पदार्थ थंड होताना त्यात धुळीचे कण घनरूप होतील. कॅसिओपिया ए ही या भाकिताची कसोटी ठरली.

'आयरास'ला तेथे धूळ दिसली, पण थोडी. 'आयसो'ने १९९०च्या दशकात दाखविले की, ही धूळ अवशेषातल्या वेगवान गाठींबरोबर आहे आणि तिच्या वर्णपटात सिलिकेटांसारख्या खनिजांची खूण आहे. म्हणजे ती वाटेत गोळा केलेली नव्हे, ताऱ्याच्याच द्रव्यातून घडलेली. प्रश्न उरला प्रमाणाचा. आणि नेमक्या याच वेळी हा प्रश्न एकाएकी निकडीचा झाला. २००३ साली एका अतिदूरच्या क्वेसारभोवती कोट्यवधी सूर्यांच्या वस्तुमानाइतकी धूळ असल्याचे आढळले. विश्वाचे वय तेव्हा शंभर कोटी वर्षांहूनही कमी होते. सूर्यासारखे तारे म्हातारपणी धूळ सोडतात खरे, पण त्यांना म्हातारपण येण्यासच अब्जावधी वर्षे लागतात. मग ती धूळ आली कोठून? अल्पायुषी, जड ताऱ्यांच्या स्फोटांतून, हे उत्तर समोर होते. परंतु त्यासाठी प्रत्येक स्फोटातून सूर्याच्या वस्तुमानाच्या दहाव्या हिश्श्यापासून पूर्ण सूर्याइतकी धूळ निघावी लागते. आयरास, आयसो यांना दिसलेली धूळ त्याच्या पासंगालाही पुरत नव्हती.

त्याच वर्षी एका गटाने हवाई बेटांवरील दुर्बिणीने मिलिमीटरहून किंचित लहान लहरींत निरीक्षणे करून जाहीर केले की, कॅसिओपिया ए मध्ये सूर्याच्या दोन ते चौपट वस्तुमानाची थंड धूळ आहे. प्रश्न सुटला असे वाटले. येथे या कथेला एक पुणेरी धागा जुळतो. हॉइल यांचे शिष्य जयंत नारळीकर आणि विक्रमसिंगे यांनी १९७०च्या दशकापासून असे सुचविले होते की, सुपरनोव्हांच्या द्रव्यात लोखंडाचे सुईसारखे बारीक, लांबट कण तयार होत असावेत. विश्वातील सूक्ष्मलहरी पार्श्वभूमी ही महास्फोटाची खूण नसून अशा लोहसुयांनी रूपांतरित केलेला ताऱ्यांचा प्रकाश आहे, अशी त्यांची मांडणी होती. ती बहुसंख्य शास्त्रज्ञांनी स्वीकारली नाही. परंतु २००४ साली एली ड्वेक यांनी कॅसिओपिया ए च्या संदर्भात लोहसुयांचा पर्याय गंभीरपणे पुढे मांडला : अशा सुया लांब लहरींत इतक्या परिणामकारकपणे प्रारण सोडतात की, एवढे तेज दिसण्यास धुळीचे अवाढव्य वस्तुमान मानण्याची गरजच उरत नाही. मूळ सिद्धान्त मान्य नसतानाही त्यातला एक घटक तपासण्याजोगा ठरतो, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

त्याच वर्षाच्या अखेरीस ऑलिव्हर क्राउझे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्पिट्झरच्या अवरक्त प्रतिमांच्या आधारे दाखविले की, त्या लहरींतले बहुतेक तेज अवशेषातले नाहीच. ते आपल्या आणि अवशेषाच्या मधल्या वायुमेघातल्या धुळीचे आहे. पाठचिकित्सा शिकविणाऱ्यांना ही चूक ओळखीची वाटेल. पोथीच्या पानावरील अक्षर कोणत्या हाताचे आहे, मूळ लेखकाच्या की मागाहून टीप लिहिणाऱ्याच्या, हे न ठरविता केलेली अक्षरांची मोजदाद फसवी ठरते. येथेही पुढचा थर आणि मागचा थर एकाच पानावर दिसत होते.

त्यानंतरचे काम सावकाश झाले. स्पिट्झरने उबदार धूळ मोजली, ती सूर्याच्या वस्तुमानाच्या काही शतांशांइतकी भरली. त्याच दुर्बिणीने सिलिकॉनच्या वर्णरेषेत अवशेषाच्या आतला, आघाताची लाट अजून न पोहोचलेला थंड वायू टिपला, आणि वर्णरेषांच्या सरकण्यावरून त्या पसाऱ्याचा त्रिमिती नकाशा काढता आला. हर्शेल दुर्बिणीने आतली थंड धूळ पाहिली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात, वाटेवरच्या मेघाचा वाटा काळजीपूर्वक वजा केल्यावर, सिलिकेट धुळीचे वस्तुमान सूर्याच्या ०.३ ते ०.५ पट आले. २००३ च्या दाव्याहून हे कितीतरी कमी, पण आयरासला दिसले त्याहून कितीतरी अधिक आणि क्वेसारांच्या प्रश्नाला पुरेल असे.

आणखी एक गोष्ट या ताऱ्याबाबत घडली. स्फोटाचा काही प्रकाश आपल्याकडे सरळ न येता दूरच्या धूळमेघांवर पडला आणि वळसा घेऊन तीनशे वर्षे उशिराने पोहोचला. प्रकाशाचे हे प्रतिध्वनी २००५ साली स्पिट्झरला अवरक्तात आढळले. २००८ साली जपानच्या सुबारू दुर्बिणीने त्यांचा वर्णपट घेतला, आणि ज्या स्फोटाची सतराव्या शतकात कोणी निश्चित नोंद केली नव्हती, त्याचा प्रकार ठरला : बाह्य हायड्रोजनचे आवरण बहुतांशी गमावलेल्या जड ताऱ्याचा स्फोट. एका धुळीने साक्षीदारांच्या डोळ्यांवर पडदा ओढला होता. दुसऱ्या धुळीने ती साक्ष जपून ठेवली होती.

एक समकालीन पुरावा

अवशेषात धूळ आहे एवढ्यावरून ती केव्हा आणि कशी घडली हे कळत नाही. त्यासाठी घटना प्रत्यक्ष घडताना पाहावी लागते, म्हणून शर्मिष्ठेबाहेर थोडे जाणे भाग आहे. फेब्रुवारी १९८७ मध्ये आपल्या शेजारच्या मोठ्या मॅगेलनी मेघात, सुमारे एक लाख साठ हजार प्रकाशवर्षांवर, एक सुपरनोव्हा दिसला. चिलीतील लास कंपानास वेधशाळेत इयन शेल्टन यांनी तो टिपला. त्यानंतर सुमारे बारा किलोमीटर उंचीवरून उडणाऱ्या 'क्विपर' या विमानातील दुर्बिणीने आणि दक्षिण गोलार्धातील वेधशाळांनी त्याचा अवरक्तात सतत पाठपुरावा केला.

आधी वायूत कार्बन मोनॉक्साइड आणि सिलिकॉन मोनॉक्साइड हे रेणू दिसू लागले. मग दुसऱ्या वर्षात, स्फोटानंतर सुमारे पाचशे दिवसांनी, तीन गोष्टी जवळपास एकाच वेळी घडल्या : दृश्य तेज अपेक्षेहून वेगाने उतरले, अवरक्त तेज वाढले, आणि वर्णरेषांचा तांबड्याकडचा भाग क्षीण झाला. आपल्यापासून दूर जाणाऱ्या, म्हणजे पलीकडच्या बाजूच्या वायूचा प्रकाश मधेच काहीतरी अडवीत होते. सिलिकॉन मोनॉक्साइडची खूणही त्या सुमारास मावळली. १९८९ साली लिऑन ल्यूसी आणि सहकाऱ्यांनी यावरून जे अनुमान मांडले ते टिकले : माणसांच्या डोळ्यांदेखत धूळ घडत होती.

तथापि त्या वेळी मोजलेले प्रमाण सूर्याच्या वस्तुमानाच्या हजाराव्या भागाहूनही कमी होते. २०११ साली हर्शेल दुर्बिणीने त्याच जागी उणे २५० अंशांच्या आसपासची धूळ पाहिली आणि तिचे वस्तुमान सूर्याच्या ०.४ ते ०.७ पट असल्याचे मिकाको मात्सूरा यांच्या गटाने जाहीर केले. हे तेज बाहेरच्या कड्यातले तर नाही, ही शंका कॅसिओपिया ए च्या अनुभवानंतर रास्तच होती. २०१४ साली चिलीतील 'आल्मा' या दुर्बीणसमूहाने धूळ केंद्रभागी, ताऱ्याच्याच द्रव्यात असल्याचे दाखवून ती मिटविली. चोवीस वर्षांत आकडा हजारपट कसा वाढला, याविषयी दोन मते आहेत. एका मतानुसार कण सावकाश, वर्षानुवर्षे वाढत गेले. दुसऱ्या मतानुसार धूळ आरंभीच घडली होती, पण इतक्या दाट गुठळ्यांत की आतली धूळ दिसतच नव्हती. हा वाद सुरू आहे.

तिसरा तारा : नोंद राहिली, अवशेष हरवला

पुन्हा शर्मिष्ठेकडे येऊ. ऑगस्ट ११८१ मध्ये चीन आणि जपान येथील निरीक्षकांना तेथे एक 'अतिथी तारा' दिसला. तो सुमारे सहा महिने दिसत होता. जपानमधील नोंदींपैकी एक फुजिवारा नो तेइका यांच्या रोजनिशीत आहे. तेइका म्हणजे जपानी काव्यपरंपरेतील एक श्रेष्ठ कवी आणि 'शंभर कवींची प्रत्येकी एक कविता' या विख्यात संकलनाशी ज्यांचे नाव जोडलेले आहे ते संपादक. १२३० साली आकाशात एक नवा पाहुणा दिसला तेव्हा, असे पूर्वी कधी घडले होते याची चौकशी त्यांनी दरबारी ज्योतिर्विदांकडे केली आणि मिळालेली यादी रोजनिशीत जतन केली. त्या यादीत १००६, १०५४ आणि ११८१ या तिन्ही वर्षांचे अतिथी तारे आहेत. एका कवीच्या चिकित्सक सवयीने खगोलशास्त्राला दिलेले हे दस्तऐवज आहे.

११८१ च्या ताऱ्याचा अवशेष मात्र दीर्घकाळ निश्चित नव्हता. ज्या अवशेषाशी त्याची सांगड घातली जात असे, तो वयाने अधिक जुना असावा अशी शंका वाढत गेली. २००९ च्या डिसेंबरात सोडलेल्या 'वाइज' या अवरक्त दुर्बिणीने सर्व आकाशाची चित्रे घेतली होती आणि ती सर्वांसाठी खुली होती. ती चाळताना डॅना पॅचिक या हौशी अमेरिकन निरीक्षकास २०१३ साली शर्मिष्ठेत एक गोलाकार तेजोमेघ आढळला. अवरक्तात ठळक असलेला हा मेघ दृश्य प्रकाशात जवळपास अदृश्यच होता. त्याच्या मध्यभागी एक विलक्षण उष्ण तारा आहे, ज्यात हायड्रोजन आणि हेलियम आढळत नाहीत. २०२१ साली त्याच्या प्रसरणवेगावरून वय सुमारे हजार वर्षे काढण्यात आले आणि ११८१ च्या अतिथी ताऱ्याशी त्याची सांगड घातली गेली. दोन श्वेतबटू एकमेकांत मिसळून झालेला, पण तारा पूर्णपणे नष्ट न करणारा हा स्फोट असावा, असे मानले जाते. रोजनिशीतील ओळ आणि अवरक्त चित्रातील वर्तुळ एकमेकांना भेटायला जवळपास आठशे वर्षे लागली.

तिसरे विधान

आरंभी मांडलेल्या तीन विधानांपैकी दुसरे आता ठामपणे करता येते : जड ताऱ्यांच्या स्फोटांतून धूळ घडते आणि भरपूर घडते. तिसऱ्याचे काय? स्फोटातून फेकलेला पदार्थ सभोवतालच्या वायूवर आदळला की एक लाट उलट आतल्या दिशेने परतते. ती धुळीचे कण झिजविते, फोडते, त्यांचे पुन्हा वायूत रूपांतर करते. कॅसिओपिया ए मध्ये ही परतीची लाट आज आतल्या थंड धुळीकडे सरकत आहे. घडलेल्या धुळीपैकी किती वाचेल याविषयीची अनुमाने कणांच्या आकारावर आणि गुठळ्यांच्या दाटपणावर अवलंबून असून त्यांत फार मोठी तफावत आहे.

काही कण वाचतात, हे मात्र निर्विवाद आहे. कारण ते आपल्या हाती आहेत. २८ सप्टेंबर १९६९ रोजी ऑस्ट्रेलियातील मर्चिसन येथे पडलेल्या अशनीत सूर्यमालेहून जुने कण सापडले. त्यांतील सिलिकॉन कार्बाइडच्या काही कणांत कॅल्शियमचा ४४ क्रमांकाचा समस्थानिक अनैसर्गिक वाटावा इतका अधिक आहे. तो टायटेनियम ४४ च्या ऱ्हासातून आलेला. टायटेनियम ४४ सुपरनोव्हात घडतो आणि त्याचा अर्धायुष्यकाल सुमारे साठ वर्षांचा आहे. तो कणात अडकला याचा अर्थ, स्फोटानंतर थोड्याच काळात तो कण घन झाला होता. दुर्बिणीने जे दुरून वाचले त्याला हा हस्तलिखिताचा पुरावा आहे. मात्र काही पाने वाचली, एवढ्यावरून ग्रंथालयातले किती वाचले हे सांगता येत नाही.

जेम्स वेब दुर्बिणीने २०२३ साली कॅसिओपिया ए ची जी प्रतिमा दिली, तीत मध्यभागापुढे एक हिरवट पट्टा दिसला आणि तो सर्वांना बुचकळ्यात टाकणारा ठरला. २०२४ सालच्या अभ्यासातून तो स्फोटापूर्वीच ताऱ्याने सोडलेला वायू असून अवशेषाच्या आपल्याकडच्या बाजूला आहे, असे दिसून आले. म्हणजे वीस वर्षांनंतरही वाचकापुढचा पहिला प्रश्न तोच आहे : दिसते आहे ते कोणत्या थरातले?

साहित्याच्या वर्गात आपण पुराव्याविषयी बोलतो तेव्हा बहुधा लिखित पुराव्याविषयीच बोलतो. ज्यांची नोंद झाली त्यांचा इतिहास. ज्यांची झाली नाही त्यांच्याविषयी मौन. शर्मिष्ठेतील तीन ताऱ्यांकडे पाहिले तर या सवयीची मर्यादा कळते. टायकोंचा ग्रंथ अमोल आहे, पण धुळीचा प्रश्न त्या ताऱ्यावरून सुटला नसता. ज्याच्याविषयी कोणी लिहिले नाही, त्या ताऱ्याने तो बराचसा सोडविला. आणि तेइका यांनी ती यादी उतरवून घेतली नसती तर त्या वर्तुळाकडे बोट दाखविणारा एक जुना दाखला कमी झाला असता. नोंद आणि अवशेष ही एकमेकांची जागा घेऊ शकत नाहीत. दोहोंचे वाचन स्वतंत्रपणे करावे लागते आणि मग ते पडताळावे लागते.

तेव्हा विद्यार्थ्याने पुढच्या वेळी 'आपण ताऱ्यांची धूळ आहोत' असे लिहिले, तर ते खोडण्याचे कारण नाही. त्याला एवढेच विचारावे की, या वाक्यातले कोणते विधान तू करीत आहेस. अणूंविषयीचे असेल तर ते सिद्ध आहे. ताऱ्यांच्या स्फोटात धूळ घडते, हे असेल तर तेही आता सिद्ध आहे. त्या धुळीचा किती वाटा आपल्यापर्यंत पोहोचला, हे असेल, तर उत्तराची जागा सध्या कोरी ठेवावी.